सेकंड मेट म्हणून पहिलं जहाज: रात्रीच्या वॉचमध्ये धोका कसा जोखायचा?

असगोलीकर

नमस्कार मंडळी. जुने धागे चाळले तर इथे बोटीवरची बरीच माणसं दिसली, म्हणून विचारतोय.

थर्ड मेट (सगळ्यात कनिष्ठ डेक अधिकारी) म्हणून सी टाइम पूर्ण झाला, पेपर झाले. पुढच्या महिन्यात एक पायरी वर, सेकंड मेट म्हणून जॉइन होतोय. सुप्रामॅक्स बल्क कॅरिअर (सुटा माल नेणारं जहाज) आहे, १९० मीटरचं. मुंद्र्याला खत उतरवायचं चालू असेल तेव्हा चढायचं, आणि उरलेला माल घेऊन न्यू मंगळूर. म्हणजे सप्टेंबरअखेर, पश्चिम किनारा, आणि १२ ते ४ ची वॉच (ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, पाळी) माझी. पॅसेज प्लॅनही (चार्टवर वाट आखायचं काम) माझाच.

आजवर रात्री ८ ते १२ ला ब्रिजवर असायचो. अडचण आली की 'कॅप्टन साहेब झोपले नसतील' एवढा तरी आधार असायचा. आता पहाटे अडीचला फोन करायचा म्हणजे माणूस गाढ झोपेत असणार. मागच्या जहाजावर समोरून येणारं एक कंटेनर जहाज दहा मैलांवर असताना मी कॅप्टनना बोलावलं, तर 'एवढ्या लांबून काय बोलावतोस' असं ऐकून घ्यावं लागलं. नाइट ऑर्डरमध्ये (कॅप्टनच्या रात्रीच्या लेखी सूचनांत) मात्र 'शंका असल्यास बोलवा' असंच लिहिलेलं असतं. शंका कुठे सुरू होते हे कोणी लिहीत नाही.

रिस्क असेसमेंटचे फॉर्म मी भरपूर भरलेत. शक्यता किती, परिणाम किती, गुणाकार, हिरवा-पिवळा-लाल रंग. पण समोर तीस-चाळीस मच्छीमार बोटींचे दिवे चमकत असताना त्या रंगांतून मला काही हाताशी लागत नाही.

तर तुम्ही लोक प्रत्यक्ष ब्रिजवर उभे असताना कसं ठरवता? आणि या रूटवर मुंबई हायच्या (समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या) आतून जायचं की बाहेरून, यावरही कोणी सांगितलं तर बरं होईल.

---

मिठमुंबरीकर

अभिनंदन रे. जहाजाची वाट आता तू आखणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी बल्क कॅरिअरवरच कॅप्टन आहे, सध्या सुट्टीवर देवगडला घरी.

माझं सांगणं एकच आहे. धोक्याची हद्द दिवसाउजेडी, झोप पूर्ण झालेली असताना, आकड्यात ठरवायची आणि कागदावर लिहायची. रात्री दोन वाजता त्या आकड्याशी घासाघीस करायची नाही. पहाटेच्या वेळी माणूस स्वतःला काहीही पटवतो. 'अजून दोन मिनिटं बघू', 'तो वळेल बहुतेक', 'साहेब आत्ताच झोपलेत'. मी ब्रिजवर आलो की आधी रडार बघत नाही, वॉचवरच्या पोराच्या बोलण्यात 'बहुतेक' किती वेळा येतंय ते ऐकतो.

हद्द कशी सरकते ते बघायचं असेल तर वाकाशिओची गोष्ट नीट वाच. २५ जुलै २०२० ला ते ३०० मीटरचं जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळावर चढलं. सिंगापूरहून ब्राझीलकडे निघालेलं, बॅलास्टमध्ये, म्हणजे मालाविना. मूळ प्लॅनमध्ये बेटापासूनचं अंतर २२ मैल होतं. दोन दिवस आधी ते ५ मैल केलं. त्या दिवशी आणखी कमी करून २ मैल, मोबाइलची रेंज मिळावी म्हणून. त्या किनाऱ्याचा मोठ्या स्केलचा चार्ट जहाजावर नव्हता. शेवटी किनाऱ्यापासून ०.९ मैलावर, १० मीटर पाण्यात जहाज बसलं आणि सुमारे हजार टन तेल त्या लगूनमध्ये गेलं. वादळ नव्हतं, इंजिन बंद पडलं नव्हतं. २२ चे ५ झाले तेव्हा काही बिघडलं नाही, म्हणून ५ चे २ करताना कोणाचा हात अडला नाही. घरी फोन लागावा ही इच्छा बोटीवरच्या प्रत्येकाला कळते, मलाही कळते. म्हणूनच तो आकडा इच्छेच्या हाती द्यायचा नाही.

आता तुझा आकडा कसा काढायचा. मैलांत विचार करू नकोस, मिनिटांत कर.

तू १२ नॉट्सवर (तासाला १२ सागरी मैल), समोरचं कंटेनर जहाज १८ वर. जवळ येण्याचा वेग ३० नॉट्स, म्हणजे मिनिटाला अर्धा मैल. दहा मैल म्हणजे वीस मिनिटं. कॅप्टनला फोन लागून, पँट चढवून, जिना चढून ब्रिजवर यायला चार-पाच मिनिटं लागतात. उजेडातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीसएक मिनिटं लागतात, पण निदान दहा मिनिटांत दिवे ओळखू येतात. म्हणजे दहा मैलांवर बोलावलंस तर त्यांच्याकडे विचार करायला पाचच मिनिटं उरली. तू लवकर बोलावलं नव्हतंस. तेच जहाज मागून येऊन तुला ओव्हरटेक करत असेल, तर जवळ येण्याचा वेग ६ नॉट्स, आणि दहा मैलांवर तुझ्याकडे शंभर मिनिटं आहेत. तेव्हा नाही बोलावलं तरी चालतं. मैल तेच, धोका वेगळा.

जॉइन झाल्यावर पहिल्याच दिवशी, वॉच सुरू होण्याआधी, कॅप्टनना विचार: 'साहेब, मोकळ्या समुद्रात सीपीए किती आणि किती मिनिटं आधी बोलावू?' (सीपीए म्हणजे दुसरं जहाज सगळ्यात जवळ येईल तेव्हाचं अंतर.) ते म्हणतील दोन मैल आणि वीस मिनिटं, किंवा एक मैल आणि पंधरा मिनिटं. जे म्हणतील ते त्यांच्याच नाइट ऑर्डर बुकात त्यांच्याच अक्षरात लिहून घे. हे विचारणारा सेकंड मेट मला आला तर मी निर्धास्त झोपतो.

हद्द गाठली की करायचं काय, तेही आधीच ठरलेलं हवं. वळायचं तर मोठं वळ, ३० अंश, जमलं तर जास्त. पाच-पाच अंशांचे तुकडे समोरच्याला दिसतच नाहीत, आणि टक्कर टाळायच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नियम ८ तेच सांगतो. वळल्यावर आर्पाच्या (रडारवर टार्गेटची चाल काढणाऱ्या यंत्रणेच्या) व्हेक्टरवर लगेच विश्वास ठेवू नकोस, टार्गेटची नवी चाल नीट बांधायला त्याला तीनेक मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात डोळे आणि कंपास. जायरो रिपीटरवर (जायरो कंपासच्या डायलवर) जाऊन स्वतःच्या हाताने बेअरिंग (ते जहाज कोणत्या दिशेला दिसतंय तो आकडा) घे, दोन-तीन मिनिटांनी परत घे. बेअरिंग हलत नाही आणि अंतर कमी होतंय, तर स्क्रीनवर सीपीए काहीही दिसो, तू टक्करीच्या वाटेवर आहेस. एआयएसचा (जहाजं आपली जागा आणि वेग रेडिओवरून कळवतात त्या यंत्रणेचा) सीपीए तर समोरच्याने जे पाठवलं त्यावर बेतलेला असतो. त्याचा जीपीएस चुकला की तुझा आकडा चुकला.

रूटबद्दल. चार्टवर रेघ मारून बघ. कच्छच्या आखातातून बाहेर पडून द्वारकेवरून मंगळूरकडे सरळ रेघ मारलीस तर ती मुंबई हायच्या बरीच पश्चिमेकडून जाते. आतून जाण्याचं काही कारणच नाही. आत प्लॅटफॉर्म, त्यांची ५०० मीटरची सुरक्षा हद्द, सप्लाय बोटी, आणि किनाऱ्यावरच्या होड्या, सगळं अंगावर घ्यायचं आणि वर अंतरही वाढवायचं.

पण तीच सरळ रेघ पुढे आंग्रिया बँकेच्या आसपास येते. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरहून जास्त किलोमीटरवर समुद्रातच वर आलेला प्रवाळाचा उंचवटा आहे तो, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. सगळ्यात उथळ भागात पाणी वीसेक मीटर. तुझ्या ड्राफ्टला (जहाज पाण्यात बुडतं त्या खोलीला) त्याचा त्रास नाही, पण जिथे उंचवटा तिथे मासळी, आणि जिथे मासळी तिथे बोटी. तिथून तू रात्री जाणार की दिवसा हे मुंद्र्याच्या सेलिंगवर ठरणार, म्हणजे तुझ्या हातात नाही. रेघ मात्र तुझ्या हातात आहे. ती रेघ त्या जागी बँकेपासून आणखी १५ मैल लांब सरकव आणि अंतर मोज. द्वारका ते मंगळूर साधारण ६४० मैल धरले तर वाढणारं अंतर एक मैलही भरत नाही. १२ नॉट्सला पाच मिनिटंसुद्धा नाहीत. हेच तू वॉचवर, समोर आठ मैलांवर दिवे दिसल्यावर करायला गेलास तर खूप मोठं वळावं लागेल आणि तोवर अर्धा ताफा तुझ्या दोन्ही बाजूंना असेल.

ताफा दिसला की एकेका बोटीचा सीपीए मोजत बसू नकोस. त्या बोटी दर दहा मिनिटांनी दिशा बदलतात, तो आकडा टिकत नाही. अख्खा ताफा म्हणजे एक बेट समज. बेटातून कोणी जात नाही, वळसा घालतात.

वळशामुळे ईटीए (पोचायची ठरलेली वेळ) गेला तर जाऊ दे. सोलास (समुद्रावरच्या जीविताच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) प्रकरण ५ मध्ये नियम ३४-१ आहे, मालक असो की चार्टरर (जहाज भाड्याने घेणारा), माणसांच्या सुरक्षेसाठी कॅप्टनने घेतलेल्या निर्णयात कोणी आडवं येऊ शकत नाही. तो आधार कॅप्टनचा आहे, पण त्यांना तो वापरायला वेळेवर माहिती तूच देणार.

---

रेवदंड्याची

मिठमुंबरीकर सरांनी सगळं छान लिहिलंय. मी प्रॉडक्ट टँकरवर सेकंड ऑफिसर आहे, आमचं येणं-जाणं बहुतेक पर्शियन आखातात. मला फक्त एका गोष्टीवर लिहायचंय. वरचे सगळे आकडे 'मी आत्ता कुठे आहे' हे खरं धरून काढलेले आहेत.

२०२५ च्या जूनमध्ये होर्मुझच्या आसपास जीपीएसमध्ये इतके अडथळे होते की एआयएसवर जहाजं जमिनीवर दिसत होती. एक्डिसवर (इलेक्ट्रॉनिक चार्टवर) आपलंच जहाज उडी मारतं तेव्हा निदान कळतं तरी. हळूहळू सरकणारी चूक जास्त वाईट, कारण अलार्म वाजत नाही आणि रेघ सरळच दिसते.

यासाठी रॉयल मॅजेस्टीचा अपघात प्रत्येक सेकंड मेटने वाचावा असं मला मनापासून वाटतं. प्रवासी जहाज, बर्म्युडाहून बॉस्टनला निघालेलं, जून १९९५. निघाल्यावर तासाभरात जीपीएसच्या अँटेनाची केबल निसटली. रिसीव्हरने गुपचूप डेड रेकनिंग (वेग आणि दिशेवरून जागेचा अंदाज) सुरू केलं आणि पडद्यावर बारीक अक्षरांत तसं दाखवलंही. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. ऑटोपायलट त्याच पोझिशनवर चालत राहिला. वारा-प्रवाहाने जहाज ढकललं जात होतं आणि जीपीएसला त्याचा पत्ता नव्हता. लोरान-सी (जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनांवरून जागा काढणारी यंत्रणा) चालू होता, त्याच्याशी कोणी ताडून पाहिलं नाही. जिथे एक बोया अपेक्षित होता तिथे रडारवर एक टार्गेट दिसलं, तोच बोया असणार असं धरलं. तो दुसराच होता. पुढचा बोया दिसला नसतानाही दिसल्याचं कॅप्टनला सांगितलं गेलं. १० जूनच्या रात्री जहाज नॅनटकेटजवळच्या वाळूच्या उथळ भागात बसलं, आखलेल्या वाटेपासून १७ मैल दूर. दीड हजारांवर माणसं होती, सुदैवाने कोणी दगावलं नाही.

त्यामुळे प्रत्येक वॉचमध्ये एकदा तरी जीपीएसचा काहीही संबंध नसलेल्या मार्गाने आपली जागा काढायची, हा माझा स्वतःपुरता नियम आहे. दुसरा जीपीएस हा वेगळा मार्ग नव्हे, तोही त्याच उपग्रहांकडे बघतो. होर्मुझमध्ये मला लिटल कॉइन बेटाचं रडार अंतर आणि पॅरलल इंडेक्स (रडारवरची ठरावीक अंतराची समांतर रेघ) मिळतो. असगोलीकर, तुला द्वारका सोडल्यावर रडारवर जमीन मिळणार नाही. मग संध्याकाळी चीफ मेटबरोबर तारे घे, म्हणजे सेक्स्टंटने ताऱ्यांवरून जागा काढ. तुझ्या दुपारच्या वॉचमध्ये सूर्य डोक्यावर येईल, मेरिडिअन पॅसेज चुकवू नकोस. आणि रात्री इको साउंडर (पाण्याची खोली मोजणारं यंत्र) चालू ठेव. वाटेत खोलीची जी रेघ ओलांडायची तिची वेळ चार्टवरून आधी काढून ठेव आणि त्या वेळी खरंच तेवढं पाणी मिळालं का बघ. मिळालं नाही तर तोच तुझा फोन करायचा क्षण.

आणखी एक. चार्टवरचा खोलीचा आकडा किती भरवशाच्या सर्व्हेवरचा आहे ते एक्डिसमधल्या चांदण्यांवरून बघ. सहा चांदण्या असतील तर पोझिशनची चूक ५ मीटरच्या आसपास, तीन असतील तर ५०० मीटरपर्यंत. तीन चांदण्यांच्या पाण्यात अर्ध्या मैलाची सेफ्टी मार्जिन म्हणजे बरीचशी चार्टच्या चुकीतच खर्च होते.

---

हर्णै बंदर

मी तांडेल आहे, हर्णैचा. मी सांगतोय, टाइप माझा भाचा करतोय. त्यानेच हा धागा वाचून दाखवला.

कॅप्टन साहेब म्हणाले ते बरोबर, लांबून जा. पण जवळ आलातच तर आमच्या बोटीवर काय चाललेलं असतं ते सांगतो.

तुम्ही व्हीएचएफ रेडिओवर इंग्रजीत हाक मारता. आमचं इंजिन चालू असतं, तो आवाज एवढा की केबिनमधला सेट वाजतोय हे कळत नाही, आणि सगळे हात जाळ्यावर. म्हणून उत्तर येत नाही. उत्तर आलं नाही म्हणजे आम्ही तुम्हाला पाहिलंय असं समजू नका. जाळं ओढताना डेकवर मोठे एलईडी दिवे लावलेले असतात. त्या उजेडात उभ्या माणसाला बाहेर सगळा काळोख असतो. तुमचं एवढं मोठं जहाज अर्ध्या मैलावर येईपर्यंत दिसत नाही कधीकधी. आमच्यावर दिवा मारा, भोंगा द्या, आणि ते लांबून द्या. जवळ येऊन दिलात तर जाळं तोडून पळायलाही वेळ मिळत नाही.

वाहतं जाळं टाकलेलं असेल तर बोट जाळ्याच्या एका टोकाला बांधलेली असते आणि जाळं वाऱ्याच्या बाजूला पसरलेलं असतं. बोटीचं तोंड जिकडे, तिकडे जाळं. दोन-तीन किलोमीटरही असतं. म्हणून बोटीच्या पुढून जाऊ नका, पाठीमागून जा. दुसऱ्या टोकाला झेंडा आणि लुकलुकणारा छोटा दिवा असतो, तो लाटेत दिसतो न दिसतो. ट्रॉलरचं उलटं, त्याचं जाळं मागे असतं आणि तो सावकाश चालत असतो. त्याच्या मागून जायचं तर चांगलं लांबून.

आमच्यातले सगळेच नियमाचे दिवे लावतात असं मी म्हणणार नाही. पांढऱ्यावर हिरवा, पांढऱ्यावर तांबडा, हे मोठ्या बोटींवर बघायला मिळेल. लहान बोटीवर नुसता एक बल्ब. तुम्हाला पुस्तकात लिहिलेला दिवा दिसला नाही म्हणून तिथे जाळं नाही असं नसतं.

एक जाळं गेलं तर लाखांचं नुकसान होतं, पण ते पुन्हा घेता येतं. आमच्या बोटीवर सात-आठ माणसं असतात, निम्मी झोपलेली. एवढं ध्यानात ठेवा.

नारळी पौर्णिमेनंतर सगळ्या बोटी बाहेर असतात. सप्टेंबरअखेर तुम्हाला आंग्रियाच्या बाजूला बोटी मिळणारच, आणि खाली मालपे-मंगळूरकडे त्याहून जास्त.

---

लाल_शेरा

मी आधी बोटीवर होतो, आता किनाऱ्यावर सेफ्टीचं काम बघतो. त्या रंगीत फॉर्मची बाजू मांडतो, कारण मला तो फॉर्म महत्त्वाचा वाटतो.

तो फॉर्म रात्री दोन वाजता वापरायचा नसतो. तो भरताना 'काय काय बिघडू शकतं' हा प्रश्न चार जणांनी एकत्र बसून विचारायचा असतो. स्टिअरिंग गेलं तर? जनरेटर बंद पडला तर? मंगळूरच्या पायलट स्टेशनला पोचलो आणि बर्थ रिकामा नसेल तर अँकर कुठे टाकायचा? २६ मार्च २०२४ ला बॉल्टिमोरला डाली या कंटेनर जहाजाची वीज गेली, आणि ते ज्या पुलावर आदळलं त्या पुलापर्यंत उरलेला वेळ मिनिटांत मोजण्याएवढा होता. अशा ठिकाणी धोका कमी करायचा तर तो पाण्यात शिरण्याआधी. फोरकॅसलवर (जहाजाच्या पुढच्या टोकावर) अँकरजवळ माणूस उभा आहे का, इंजिन रूममध्ये कोण आहे, दुसरा जनरेटर लोडवर आहे का.

प्लॅनमध्ये प्रत्येक अरुंद जागेआधी एक अबॉर्ट पॉइंट टाक. तिथपर्यंत सगळं ठीक नसेल तर वळून परत जाता येतं, त्यापुढे जागा नसते. ती जागा चार्टवर आधी दिसायला हवी.

---

असगोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. तांडेलकाका, तुमचा प्रतिसाद तर मी प्रिंट काढून घेऊन जाणार आहे. जाळं वाऱ्याच्या बाजूला असतं हे मला कोणत्याही क्लासमध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

लाल_शेरा साहेब, पटलं. फॉर्म नुसता सही करायला पुढे सरकवला जातो, म्हणून माझं मन त्यावरून उडालं होतं.

आंग्रियाची रेघ मारून बघितली. खरंच, वाढीव अंतर एक मैलही नाही.

मिठमुंबरीकर सर, दोन गोष्टी राहिल्या. एक, झोप. मुंद्र्याला कार्गो चालू असताना सहा-सहा तासांच्या पाळ्या असतील. सेलिंग संध्याकाळी झालं तर स्टेशन (दोर सोडायच्या वेळची ड्युटी), मग लगेच १२ ची वॉच. तेव्हा काय करावं? दुसरं, मंगळूरच्या आत शिरताना पाणी. चॅनलमधला अंडर कील क्लिअरन्स (तळाखाली उरणारं पाणी) प्लॅनमध्ये लिहिताना स्क्वॉट (चालत्या जहाजाचं उथळ पाण्यात जास्त खाली बसणं) किती धरू?

---

मिठमुंबरीकर

तांडेलांना माझाही नमस्कार. त्यांच्यासारख्या माणसांनी आमच्या क्लासमध्ये येऊन एक तास बोलावं असं मला फार वाटतं.

स्क्वॉट सोपा आहे. उघड्या पाण्यात ब्लॉक कोइफिशिअंट (सीबी, जहाजाचा बुडालेला भाग किती चौकोनी ठोकळ्यासारखा आहे तो आकडा) गुणिले वेगाचा वर्ग, भागिले १००. चॅनलमध्ये त्याच्या दुप्पट. तुझ्या जहाजाचा सीबी ०.८४ च्या आसपास धरला तर १२ नॉट्सला उघड्या पाण्यात १.२ मीटर, चॅनलमध्ये २.४. वेग ६ वर आणलास तर चॅनलमध्येही ०.६ मीटर. वेग निम्मा केला की स्क्वॉट चौथा हिस्सा होतो. त्यामुळे पाणी कमी वाटलं तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वेग. खरा सीबी त्या ड्राफ्टला किती हे हायड्रोस्टॅटिक टेबलात बघ, आणि पायलट आला की त्याला आपला आकडा सांगून त्याचा विचार. कंपनीची किमान क्लिअरन्सची अट बहुतेक सेफ्टी मॅनेजमेंट मॅन्युअलमध्ये असते, ती आधी वाच. एक्डिसमध्ये सेफ्टी कॉन्टूर (जिच्यापेक्षा कमी पाण्यात जायचं नाही ती खोलीची रेघ) टाकताना ड्राफ्ट, स्क्वॉट आणि ती किमान क्लिअरन्स मिळून जो आकडा येईल तो टाक. आधीच्या सेकंड मेटने ठेवलेला तसाच पुढे चालवू नकोस, त्याचा ड्राफ्ट वेगळा असेल.

झोपेचं मात्र सोपं नाही, आणि या बाबतीत मला राग येतो. नियम स्पष्ट आहे. २४ तासांत किमान १० तास विश्रांती, फार तर दोन तुकड्यांत, त्यातला एक निदान ६ तासांचा, आणि ७ दिवसांत ७७ तास. कागदावर सगळ्या जहाजांचे तास जुळलेले असतात. पोरांच्या डोळ्यांकडे बघितलं की कळतं किती जुळलेत ते. थकलेला माणूस सीपीए चुकीचा वाचत नाही, तो बरोबर वाचतो आणि काही करत नाही.

म्हणून सेलिंगच्या आदल्या दिवशी स्वतःचे तास खरे लिही. आकडा बसत नसेल तर चीफ मेटकडे जा, मग कॅप्टनकडे, आणि आकडाच दाखव: 'साहेब, बारा वाजेपर्यंत माझे सहा तास सलग होत नाहीत.' 'दमलोय' म्हणालास तर उत्तर येईल 'सगळेच दमलेत'. आकड्याला तसं उत्तर देता येत नाही. मी अशा वेळी पहिली रात्र १२ ते २ स्वतः उभा राहतो किंवा थर्ड मेटला दोन तास पुढे ओढतो, आणि ज्याचे तास भरले त्याला झोपवतो. सेलिंग दोन तास पुढे ढकलायला पोर्ट आणि एजंट कुरकुरतात. कुरकुरू देत.

आखातातून बाहेर पडताना भरती-ओहोटीचा जोर मोठा असतो, ओखा-पोरबंदरच्या बोटी असतात आणि लोक नुकतेच कार्गोवरून सुटलेले असतात. तुझ्या अख्ख्या प्रवासातला सगळ्यात जोखमीचा भाग मला तो वाटतो, आंग्रिया नव्हे. तिथे लुकआउटला एबी (खलाशी) ब्रिजवर हवाच, रात्री त्याला रंगकामाला किंवा राउंडला पाठवायचं नाही. बीएनडब्ल्यूएएसचा (वॉचवरचा माणूस जागा आहे का ते तपासणाऱ्या यंत्रणेचा) अलार्म ३ ते १२ मिनिटांत कुठेही लावता येतो. तो पहिल्या रात्री ३ वर ठेव. सारखा वाजतो म्हणून कोणी बंद करायला सांगितलं तर कॅप्टनच्या सहीशिवाय करू नकोस.

जॉइन झालास की पॅसेज प्लॅनवर काही अडलं तर इथे लिही. नाव, कंपनी, तारखा टाकू नकोस, नुसती रेघ आणि ड्राफ्ट पुरे.

---

रेवदंड्याची

असगोलीकर, एक राहिलं. मुंद्र्याला चढलास की हँडओव्हर घेताना जायरो आणि मॅग्नेटिक कंपासच्या एररचं रजिस्टर मागून घे आणि शेवटची नोंद कधीची आहे ते बघ. बऱ्याच दिवसांची असेल तर पहिल्या सूर्यास्ताला स्वतः ॲम्प्लिट्यूड घे (मावळत्या सूर्याच्या दिशेवरून कंपासची चूक काढ). वर सरांनी सांगितलेलं बेअरिंग घेणं त्या जायरोवरच चालणार आहे.

---

असगोलीकर

घेतो ताई. लिस्टमध्ये सगळ्यात वर लिहिलं.